तेविसाव्या घराचं आढं

डिंक्याच्या बायकोने दुपारी कामावरून येऊन दाराला किल्ली लावली, तर किल्ली आत जाईना. तिने वाकून पाहिलं. कुलपाच्या भोकात करड्या रंगाचं काहीतरी भरून वरून बोटाने छान गुळगुळीत केलेलं होतं. सीलंट होतं ते. पॅनेलच्या घरांचे सांधे ज्याने भरतात तेच, वाळून रबरासारखं झालेलं. तिने गल्लीत तीन घरी ड्रिल मागितलं. एकाचं बिघडलं होतं, एकाचं भाच्याने नेलं होतं, आणि तिसऱ्याने दार उघडलंच नाही. आतला रेडिओ मात्र बंद झाला. शेवटी, ज्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्या दारात ती गेली.

"भाऊजी, कुलूप फोडायचंय," ती म्हणाली. "तुम्ही या असं म्हणत नाही. ड्रिल तेवढं द्या."

मुकादम ड्रिल घेऊन तिच्यामागे निघाला.

मुकादम म्हणजे तिचा थोरला दीर. पिढीजात सुतार. आधीच्या मोठ्या वादळात ही सगळी गल्ली झोपली होती. भिंती आडव्या, छपरं शेजारच्या शेतात, आणि माणसं शाळेच्या वर्गांत. तेव्हा वरच्या कचेरीने ठरवलं की आता इथे पॅनेलची घरं बांधायची. दोन जाड फळ्या, आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला वीतभर पांढरा फोम. भिंतही त्याचीच आणि छप्परही त्याचंच. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव ठेवलं, क्रीमचं बिस्कीट. म्हणाले, पहिल्या वाऱ्याला चहात बुडवल्यासारखं होईल. पण तसं ते नव्हतं. पॅनेल पॅनेलात घट्ट बसत होतं, हातभर लांबीचे स्क्रू आरपार जात होते, पायाला बोल्ट होते आणि छप्पर भिंतीला पोलादी पट्ट्यांनी जखडलेलं होतं. अशी तेवीस घरं उभी करायची होती. त्या कामावर थोरला मुकादम झाला, आणि सांधे भरायची बंदूक त्याने धाकट्याच्या हातात दिली. वर्षभर धाकट्याच्या बोटांचा, केसांचा, शर्टाचा चिकटपणा गेला नाही. तेव्हापासून तो गल्लीला डिंक्या झाला. तेव्हा ते नाव लाडाचं होतं.

आढं म्हणजे छपराच्या दोन उतरणी जिथे एकमेकींना टेकतात ती वरची रेघ. कचेरीच्या तपासनीस बाईंनी सगळ्या कारागिरांना समोर बसवून सांगितलं होतं की, आढ्याच्या सांध्याला आतून एक रुंद चिकटपट्टी लावायचीच, टोकापासून टोकापर्यंत, रूळ फिरवून. घरातली वाफ त्या फटीतून वर गेली तर बाहेरच्या थंड फळीवर तिचं पाणी होईल आणि फळी आतल्या आत कुजेल. मुकादमाने मान डोलावली होती. पण पहिल्याच घराचं आढं बसवताना, धाकटा मचाणावर उताणा पडून पट्टी उलगडायला लागला, तेव्हा तो म्हणाला होता, "राहू दे रे ते."

"दादा, बाईंनी सांगितलंय."

"बाईंनी किती घरं बांधलीत? लाकडाला श्वास लागतो. आपल्या बापाने कधी आढं बंद केलं होतं? नखाएवढी फट ठेवायचाच तो."

"हे लाकूड वेगळं आहे म्हणतात."

"लाकूड ते लाकूड. अर्धा अर्धा दिवस पट्टी चोळत बसलास तर ही तेवीस घरं तुझी नातवंडं पुरी करतील. बाईंना मी सांगतो."

जुन्या, साध्या फळ्यांच्या घराचं आढं बापाने खरंच कधी बंद केलं नव्हतं, आणि ती घरं कधी कुजलीही नव्हती. ती घरं इतकी फटींची होती की वाफ कुठूनही निघून जायची. पॅनेलच्या घराला मात्र तेवढी एकच फट उरत होती. हे मुकादमाच्या ध्यानात आलं नाही. किंवा, खरं सांगायचं तर, पावसाळा डोक्यावर होता आणि निम्म्या वयाच्या बाईने शिकवलेलं त्याला पचलं नव्हतं. छताला आतून पातळ फळी ठोकली की पट्टी आहे की नाही, ते कुणाला दिसत नाही. बाई तपासायला आल्या तेव्हा तो म्हणाला, सगळं सांगितल्याप्रमाणे. अशी बावीस घरं झाली.

तेविसावं घर त्याच्या लेकीला मिळालं. त्याच आठवड्यात डिंक्या मचाणावरून पडला आणि खांद्याचं हाड मोडून घरी बसला. तेविसाव्या घराचं आढं मुकादमाने एकट्याने बसवलं. संध्याकाळी मचाणावर उताणा पडला होता, तेव्हा त्याला बाईंचं वाक्य आठवलं, फळी आतल्या आत कुजेल. लाकडाला श्वास लागतो हे त्याला तेव्हाही पाठ होतं. पण खाली लेक उभी राहून चूल कुठे ठेवायची ते पावलांनी मोजत होती. तो उतरला, पट्टीची गुंडाळी घेऊन पुन्हा वर गेला आणि दीड दिवस खपून त्याने ती लावली. एक सोडून दोन थर.

चार हिवाळे गेले. घरोघर भात शिजला, पाणी तापलं, ओले कपडे आत वाळले, आणि त्या सगळ्याची वाफ बावीस आढ्यांतून वर गेली. सहा महिन्यांपूर्वी दुसरं वादळ आलं. भिंती जागच्या हलल्या नाहीत, पायाचे बोल्ट सुटले नाहीत. पण आढ्याजवळची फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, स्क्रूंना धरायला काही उरलं नव्हतं. नऊ घरांची छपरं मधोमध उघडली. शिंपीणबाई मशीन झाकायला गेली आणि पॅनेलची कड तिच्या उजव्या हातावर आली. तीन बोटं गेली. आता ती डाव्या हाताने कात्री धरते आणि कापड दातांनी ओढते.

चौकशीला बाई आल्या. त्यांनी विचारलं, सांधे कुणाकडे होते? मुकादम म्हणाला, "सांध्यांचं काम धाकट्याकडे होतं." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. डिंक्याने त्याच्याकडे पाहिलं. मुकादमाने जमिनीकडे पाहिलं. तेवढ्यावर सहा महिने चालले होते. डिंक्याला कुणी काम देईना. तो आता गोदामात खोकी उचलत होता, मोडून जुळलेल्या खांद्याने.

तोच डिंक्या आता आपल्या बंद दाराच्या पायरीवर बसला होता. मुकादमाला पाहून तो नुसता बाजूला सरकला. ड्रिलचा आवाज सुरू झाला तशा समोरच्या दोन खिडक्या लागल्या.

"भरणाऱ्याचा हात चांगला आहे," डिंक्या म्हणाला. "बुडबुडा नाही कुठे. माझ्या हाताखाली असता तर ठेवून घेतला असता."

"कुणी केलं, कळलं का?"

"कुणी नाही केलं ते विचार. यादी छोटी होईल."

त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. "भाऊजी, हे पहिल्या महिन्यात म्हणायचे, दादा उद्या बोलेल. दुसऱ्या महिन्यात म्हणायचे, त्याला जरा वेळ हवा. आता काहीच म्हणत नाहीत."

"अगं, जाऊ दे," डिंक्या म्हणाला.

"का जाऊ दे? सोमवारी शाळेत अहवाल वाचणार आहेत. यांचं नाव लिहून वर पाठवणार, शिंपीणबाईच्या हातासाठी. मग कोर्ट, मग आत. मी म्हटलं, तुम्ही स्वतः बोला. तर म्हणतात, मी बोललो तर लोक म्हणतील थोरल्यावर ढकलतोय." ती थांबली. "आणि लोक तेच म्हणाले असते. तुम्ही मुकादम. तुमचं नाव कसं, धुतल्यासारखं."

कुलपाचा गाभा खळकन आत पडला. दार उघडलं. मुकादमाने हातावरचा लोखंडी भुसा झटकला. भुसा गेला, तरी तो हात झटकत राहिला.

"सोमवारी मी बोलतो," तो म्हणाला.

"साडेदहाला आहे," भावजय म्हणाली. "उशीर करू नका." ती आत गेली आणि आतून खुर्ची ओढून दाराला लावल्याचा आवाज आला. डिंक्या अजून बाहेरच होता. तो दाराकडे पाहून म्हणाला, "बघ, आता मलाच घेईना."

हसण्यासारखं होतं, पण मुकादमाला हसू आलं नाही.

सोमवारी शाळेच्या वर्गात मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. शिंपीणबाई पहिल्या बाकावर, फडक्यात गुंडाळलेला हात बाकावर ठेवून. दुसऱ्या रांगेत मुकादमाची लेक. डिंक्या आणि त्याची बायको सगळ्यांत मागे, दाराजवळ. त्यांच्या बाकावर तिसऱ्याची जागा रिकामी होती आणि तीन माणसं भिंतीला टेकून उभी होती.

तपासनीस बाईंनी अहवाल वाचला. तेवीसही घरांची छतं आतून हातभर कापून पाहिली. बावीस घरांत आढ्याला पट्टी नाही, फळी कुजलेली. एका घरात पट्टी आहे, दुहेरी, फळी कोरडी ठणठणीत. सांधे भरण्याचं काम ज्याच्याकडे होतं त्याचं नाव पुढे कारवाईसाठी पाठवत आहे. त्यांनी डिंक्याचं पूर्ण नाव वाचलं. ते नाव गल्लीतल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मुकादम उभा राहिला. बाक लहान असल्यामुळे त्याला नीट उभं राहता येईना. तो वाकूनच बोलला. "बाई, पट्टी लावू नको असं मीच त्याला सांगितलं होतं. पहिल्या घरापासून. तो लावत होता. मी म्हटलं, राहू दे."

वर्गात कुजबुज झाली. ती रागाची नव्हती, आणि त्याचंच त्याला नवल वाटलं.

"बसा, मुकादम," दुकानदार म्हणाला. "आम्हाला कळतं."

"काय कळतं? मी खरं सांगतोय."

"तेच तर. पाठचा भाऊ आहे, पोटात तुटणारच."

"असा थोरला मिळायला नशीब लागतं," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "आणि त्याची किंमत हवी ना पण." दोनतीन माना मागे वळल्या, दाराजवळच्या बाकाकडे, आणि तिरस्काराने पुन्हा पुढे झाल्या.

तो जितकं बोलेल तितका स्वतः वर चढत होता आणि भाऊ खाली जात होता. "अहो, लाकडाला श्वास लागतो असं मला वाटत होतं," तो म्हणाला. "आमच्या बापाची पद्धत होती ती. धाकटा नको म्हणत होता. विचारा त्याला."

"त्याला काय विचारायचं?" दुकानदार म्हणाला. "तो हो म्हणेलच."

काही लोक हसले. डिंक्या समोरच्या फळ्याकडे पाहत होता. फळ्यावर कालचा पाढा अर्धवट पुसलेला होता.

तपासनीस बाईंनी चष्मा काढला. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. "मुकादम, तुमच्या भावनेचा मला आदर आहे. पण मला कागदावर जायचं आहे. तुमच्या भावाने बावीस घरांत काम केलं, ती बावीसही कुजली. एका घरात तो नव्हता, ते एकच शाबूत आहे. त्या घरात पट्टी कुणी लावली?"

"मी."

"एकट्याने?"

"एकट्याने."

"मग तुम्हाला पट्टीचं महत्त्व पटलेलं होतं. ज्याला पटलेलं आहे, तो बावीस घरांत लावू नको असं कसं सांगेल? मला हे जुळवून दाखवा, मी नाव बदलते."

बाईंनी हे सरळ मनाने विचारलं होतं. याला उत्तर एकच होतं, आणि ते सहा महिने त्याच्या घशात अडकून होतं. भावाला आपण वाऱ्यावर सोडलं, एवढं सांगायची तयारी करून तो आज आला होता. ते सोपं होतं. ते लोकांनी हसून परत केलं. आता बसून घेतलं असतं तरी चाललं असतं. थोरल्याने प्रयत्न केला असं गल्ली वर्षानुवर्षं म्हणाली असती. मागच्या बाकावर भावजय पुढे वाकून बसली होती, तोंडावर पदर धरून. दुसऱ्या रांगेतली लेक मान वळवून त्याच्याकडे पाहत होती. बापाचं चाललंय तरी काय, अशी काळजी होती तिच्या तोंडावर.

"तिथे माझी लेक राहणार होती," मुकादम म्हणाला.

त्यावर त्याला कुणी बसा म्हटलं नाही.

हे मात्र सगळ्यांना पटलं. पटायला एक क्षणही लागला नाही. बाकं करकरली, कारण एकेक जण वळून दुसऱ्या रांगेकडे पाहत होता. लेकीच्या शेजारी बसलेली बाई आपला पदर आवरून थोडी सरकली. बाकावर जागा नव्हती तरी सरकली.

शिंपीणबाईने मागे वळून तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"मी विचारलं होतं त्यांना," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सगळ्यांच्या आढ्याला अशीच लावलीये ना, असं विचारलं होतं. हो म्हणाले."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला, अहवालावरचं नाव खोडलं आणि वर दुसरं लिहिलं. तेव्हा डिंक्या पहिल्यांदा हलला. तो बाकांमधून पुढे आला आणि म्हणाला, "बघू." त्याने कागद उचलून खिडकीजवळ नेला आणि खोडलेलं नाव नीट खोडलंय ना ते पाहिलं. मग नवीन नाव वाचलं. कागद परत ठेवला.

"बावीस घरांची आढी पुन्हा करावी लागतील," बाई त्याला म्हणाल्या. "पावसाआधी. कराल?"

"करीन," डिंक्या म्हणाला.

"मी येईन हाताखाली," मुकादम म्हणाला.

शिंपीणबाई उठली होती. "मला ती पट्टी बघायचीय," ती म्हणाली. "कशी असते ती, ते तरी कळू दे."

ती चालायला लागली तशी बाकीची माणसंही निघाली. गल्लीतून सगळे तेविसाव्या घरापर्यंत गेले. लेक पुढे धावत जाऊन दार उघडून उभी राहिली होती. तिने या म्हणण्याची वाट कुणी पाहिली नाही. जावई आतल्या खोलीतून बाहेर आला, एवढी माणसं पाहून गोंधळला आणि शर्टाची बटणं लावत पुन्हा आत गेला.

तपासणीसाठी छताची फळी हातभर कापलेली होती, ती अजून तशीच उघडी होती. मुकादमाने भिंतीला टेकवलेली शिडी आणून त्याखाली लावली आणि दोन्ही हातांनी धरली. एकाच हाताने शिडी चढणं अवघड असतं. शिंपीणबाईला वेळ लागला. ती वर जाऊन बराच वेळ पाहत राहिली. उतरताना तिचा फडक्यातला हात मुकादमाच्या खांद्याला घासून गेला. तिने आधार म्हणूनसुद्धा तो खांद्यावर टेकला नाही.

मग दुकानदार चढला. मग ज्याचं ड्रिल भाच्याने नेलं होतं तो. एकामागून एक माणूस वर जात होता, भोकात डोकं घालत होता, खाली येऊन दाराने बाहेर जात होता. दार लेकीने धरून ठेवलं होतं. बाहेर जाताना जो तो तिला टाळून बाजूने जाई, जसं ओल्या रंगाच्या भिंतीला टाळतात. ती प्रत्येकाकडे पाहत होती. शेवटी शेवटी तिने पाहणं सोडलं आणि नुसती कडी हातात धरून उभी राहिली. चौदापंधरा माणसं झाली असतील. मुकादमाचे हात शिडी धरून आखडले, पण त्याने ती सोडली नाही.

सगळ्यांच्या शेवटी डिंक्या आला. तो कारागिरासारखा चढला, एक हात खिशात. वर जाऊन त्याने पट्टी नुसती पाहिली नाही, अंगठा लावून कडेकडेने दाबत गेला, जिथवर हात पोचला तिथवर. नखाने एक कोपरा उचलून पाहिला. कोपरा उचलला गेला नाही.

"छान बसलीये," तो वरूनच म्हणाला. "कुठे सुरकुती नाही."

मुकादमाने मान वर केली. सहा महिन्यांत धाकट्याने त्याच्या कामाबद्दल काढलेला तो पहिलाच शब्द होता. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण डिंक्या उतरत खाली आला होता आणि शेवटच्या पायरीवर थांबला होता. शिडी धरलेले थोरल्याचे दोन्ही हात त्याच्या वाटेत होते.

"बाजूला हो," डिंक्या म्हणाला. "उतरू दे मला."